मोठ्या डोक्याची माशी

द्विपंखी (उड्डाणासाठी पंखांची एकच जोडी असलेल्या) कीटकांच्या गणातील पिपन्क्युलिडी कुलात मोडणाऱ्या लहान माश्यांना ‘मोठ्या डोक्याच्या माश्या’ म्हणतात. त्यांचे डिंभ (अळ्या) तुडतुडे व त्यांचे आप्त कीटक यांच्या शरीरात वाढतात, आतील अवयवांवर उपजीविका करतात व वाढ पूर्ण होताच त्यांना मारून बाहेर पडतात. या कुलातील १,४०० हून अधिक जातींची शास्त्रीय वर्णने आजवर झालेली आहेत. भारतात आंब्यावरील तुडतुड्यांच्या नैसर्गिक शत्रूंमध्ये पिपन्क्युलस ॲन्युलिफेमर या जातीची नोंद असून भातावरील हिरव्या तुडतुड्यांवर टोमोस्व्हॅरिएला व पिपन्क्युलस या वंशांतील इतर जाती जगतात. रत्नागिरी जिल्ह्यात डोंगरउतारावर हापूसची कलमे आणि खालच्या सखल जमिनीत भातखाचरे अशी शेतीची मांडणी बहुतेक गावांत आढळते. दोन्ही पिकांना तुडतुड्यांचा उपद्रव होत असल्याने या क्षुल्लक दिसणाऱ्या माशीला तेथे आर्थिक महत्त्व प्राप्त होते.

शरीररचना : प्रौढ माशीची लांबी जातीपरत्वे सु. २ ते १२ मिमी. असते, तुडतुड्यांवर जगणाऱ्या बहुतेक जाती ३ ते ५ मिमी. लांबीच्या असतात. रंग काळा वा काळपट करडा असतो. डोके शरीराच्या मानाने फार मोठे, अर्धगोल किंवा जवळजवळ गोल असून बारीक मानेवर सैल बसविल्यासारखे दिसते व सहज फिरते. डोक्याचा बहुतेक सर्व पृष्ठभाग दोन संयुक्त नेत्रांनी (अनेक सूक्ष्म नेत्रिका मिळून झालेल्या डोळ्यांनी) व्यापलेला असतो. बहुतेक जातींच्या नरात हे दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांस भिडलेले असतात, तर मादीत त्यांच्यामध्ये कपाळाची अरुंद पट्टी उरते. मादीच्या डोळ्याच्या पुढील भागातील नेत्रिका बाकीच्या नेत्रिकांहून मोठ्या असतात. पानाच्या रंगात मिसळून गेलेले तुडतुड्याचे अर्भक (अपूर्ण वाढ झालेले पिलू) हेरण्यास त्यांचा उपयोग होतो. शृंगिका आखूड व टोकदार असतात. पंख पारदर्शक व शरीराहून लांब असतात. मादीच्या उदराच्या टोकाला सुईसारखा कठीण अंडनिक्षेपक (अंडी घालण्याचा अवयव) असून तो सामान्यतः उदराखाली पुढच्या बाजूस वळलेला असतो.

उड्डाणकौशल्य हे या माश्यांचे ठळक वैशिष्ट्य होय. हवेत एका जागी स्थिर राहणे, तेथूनच बाजूला वा मागे सरकणे आणि दाट पानांच्या लहानशा पोकळीतही कोठे न आपटता हिंडणे त्यांना साधते. कीटक पकडण्याच्या जाळीत सापडलेली माशी जाळीच्या घडीतसुद्धा तरंगत राहते. संग्राहक पुष्कळदा तिला यावरूनच ओळखतात. घिरट्या घालणाऱ्या सिर्फिडी कुलातील माश्यांशी असलेल्या या साम्यामुळे दोन्ही कुले जवळची मानली गेली होती. तथापि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माश्यांच्या जातिविकासाच्या एका व्यापक अभ्यासात, जनुकीय पुराव्याच्या आधारे, पिपन्क्युलिडी कुल घरमाशीसारख्या प्रगत माश्यांच्या मोठ्या समूहाला अधिक जवळचे असल्याचे दिसून आले. कोशातून बाहेर पडताना घरमाशी कपाळावरील फुगणाऱ्या पिशवीने कोशाचे झाकण ढकलते. ही पिशवी मोठ्या डोक्याच्या माश्यांना नसते.

प्रौढ माश्या फुलांवर क्वचितच येतात. मावा, तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या कीटकांनी पानांवर टाकलेला गोड, चिकट द्रव हे त्यांचे प्रमुख अन्न होय. ज्या स्रावामुळे आंब्याचा मोहोर काळा पडतो त्याच स्रावावर तुडतुड्याचा हा शत्रू पोसला जातो, हा निसर्गातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल.

जीवनवृत्त : मादी पानांमधून, फांद्यांमधून संथपणे तरंगत भक्ष्याचा शोध घेते. योग्य वयाचे अर्भक दृष्टीस पडताच ती त्यावर झडप घालते. काही जातींत मादी अर्भकाला पायांनी पकडून हवेत उचलते, उडत असतानाच अंडनिक्षेपकाने त्याच्या उदराच्या दोन खंडांमधील मऊ पटल भेदून आत अंडे घालते आणि मग त्याला सोडून देते. सुटलेले अर्भक पुन्हा पानावर येऊन पूर्ववत रस शोषू लागते. वरकरणी त्याला काहीही झालेले नसते.

अंड्यातून बाहेर पडलेला डिंभ पोषकाच्या (ज्यावर परजीवी जगतो त्या प्राण्याच्या) उदरपोकळीत राहतो. सुरुवातीस तो रक्तद्रव व मेदपिंड यांवर वाढतो व पोषकाच्या जिवाला आवश्यक असलेल्या अवयवांना धक्का लावत नाही. पोषक मेल्यास डिंभाचेही जगणे संपुष्टात येणार असल्याने ही काटकसर त्याच्या हिताचीच असते. पोषक कात टाकतो, पुष्कळदा प्रौढही होतो, आणि डिंभ आत वाढतच असतो. एका पोषकात एकाहून अधिक अंडी पडली, तरी सामान्यतः एकच डिंभ पूर्ण वाढतो. अखेरच्या टप्प्यात मात्र तो राहिलेले सर्व अवयव भराभर खाऊन टाकतो. पोषकाचे उदर फुगते, हालचाल मंदावते. पूर्ण वाढलेला डिंभ खंडांमधील पटल फोडून बाहेर येतो व रिकामा झालेला पोषक लवकरच मरतो. डिंभ जमिनीत, पाचोळ्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी जाऊन कोशावस्थेत शिरतो. त्याची शेवटची त्वचाच कठीण होऊन पिंपाच्या आकाराचे तांबूस तपकिरी वा काळपट कवच बनते. त्यातून कालांतराने प्रौढ माशी बाहेर पडते.

अशा जीवनक्रमाला निव्वळ परजीविता म्हणणे तितकेसे अचूक नाही. जंत किंवा गोचीड पोषकाला सहसा जिवंत ठेवतात. ही माशी त्याला निरपवादपणे मारते. उलट भक्षक कीटक आयुष्यात अनेक भक्ष्ये मारतो, तर या माशीच्या डिंभाला संपूर्ण वाढीसाठी एकच पोषक पुरतो. म्हणून कीटकविज्ञानात अशा प्राण्यांचा परजीवी व भक्षक यांच्या मधला एक स्वतंत्र वर्ग मानतात. [⟶ परजीविता].

परजीवीजन्य वंध्यत्व : डिंभ पोषकाला मारण्यापूर्वीच त्याचे प्रजोत्पादन थांबवितो. फ्रेंच प्राणिवैज्ञानिक आल्फ्रेड झ्यार यांनी १८८९ मध्ये टिफ्लोसायबा वंशातील तुडतुड्यांत हा प्रकार वर्णिला. त्यांनी अभ्यासिलेल्या तुडतुड्यांत दोन वेगवेगळ्या परजीवींचे डिंभ होते : एक गांधील माशीच्या गणातील व दुसरा ॲटेलिन्युरा स्प्युरिया या मोठ्या डोक्याच्या माशीचा. अशा तुडतुड्यांची जननेंद्रिये खुंटतात, मादीच्या अंडाशयांची वाढ होत नाही व काही वेळा बाह्य लैंगिक लक्षणेही बदलतात. तुडतुड्यांच्या जाती नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरून ओळखतात. त्यामुळे परजीवीग्रस्त नमुना वर्गीकरणकाराला चकवू शकतो. ब्रिटनमध्ये फेसाच्या गोळ्यात अर्भकावस्था घालविणाऱ्या कीटकांवर व्हेरॅलिया ऑक्टा ही जाती जगते. ती अर्भकांऐवजी नुकत्याच प्रौढ झालेल्या कीटकांत अंडी घालते. तिची लागण झालेल्या माद्या अंडी घालीत नाहीत, असे १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले.

आंब्यावरील तुडतुडे व ही माशी : आंब्यावर मुख्यतः ॲम्रिटोडस ॲट्किन्सोनाय, इडिओस्कोपस क्लायपिॲलिस व इडिओस्कोपस निटिड्युलस या जातींचे तुडतुडे आढळतात. ते पाचरीच्या आकाराचे, सु. ३ ते ५ मिमी. लांबीचे असून कोवळी पालवी व मोहोर यांतील रस शोषतात. मादी मोहोराच्या देठात व कोवळ्या पानांच्या शिरांत अंडी घालते. अर्भके काही दिवसांत बाहेर पडतात व दोन-तीन आठवड्यांत प्रौढ होतात. रसशोषणामुळे फुले व नुकती धरलेली कणी गळून पडते. तुडतुड्यांच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या गोड, चिकट द्रवावर काळी बुरशी वाढून पाने, मोहोर व फळेही काळवंडतात. मोहोर संपल्यावर प्रौढ तुडतुडे खोडाच्या सालीतील भेगांत व दाट सावलीच्या फांद्यांवर आश्रय घेतात आणि पुढील पालवीची व मोहोराची वाट पाहत राहतात.

रत्नागिरीत पावसाळा ओसरल्यावर कलमांना पालवी फुटते आणि साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात टप्प्याटप्प्याने मोहोर येतो. बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न या थोड्या महिन्यांवर अवलंबून असते. मोहोराच्या एका गुच्छावर तुडतुडे दिसू लागले की तो फवारणीची तयारी करतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मोठ्या डोक्याच्या माशीचे काम या घाईच्या वेळी दिसत नाही. डिंभ आत असलेले अर्भक रस शोषतच असते, चिकट द्रव टाकतच असते. त्या पिढीत मोहोराची हानी फारशी कमी होत नाही. फरक पडतो तो पुढील पिढीत, कारण लागण झालेली मादी अंडी घालीत नाही. एकट्या या माशीच्या भरवशावर आलेला मोहोर वाचेल असे मानणे चुकीचे ठरेल. परंतु आज मोहोरावर दिसणारे तुडतुडे म्हणजे मागील पिढ्यांतून वाचलेल्यांची संतती होय. ती संख्या किती असावी हे ठरविण्यात या माशीसारख्या शत्रूंचा वाटा असतो. गुच्छावरील तुडतुडे मोजून हा वाटा कळत नाही.

तो न कळण्याचे आणखी एक कारण आहे. तुडतुड्याच्या इतर परजीवींची खूण बाहेरून दिसते. ड्रायनिडी कुलातील गांधील माशीच्या डिंभाची पिशवी पोषकाच्या उदरावर बाहेर लोंबते. एपिपायरॉप्स या पतंगाची अळी तुडतुड्याच्या अंगावर बाहेरूनच चिकटलेली असते. स्ट्रेप्सिप्टेरा गणातील परजीवीचे डोके पोषकाच्या खंडांमधून डोकावते. मोठ्या डोक्याच्या माशीचा डिंभ मात्र शेवटच्या क्षणापर्यंत संपूर्णपणे आत असतो. तुडतुड्याचे विच्छेदन केल्याशिवाय किंवा त्याला जिवंत पाळल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. शेतावरच्या पाहणीत म्हणूनच ही माशी गणतीतून सुटते.

भातावर रस शोषणारे नेफोटेट्टिक्स वंशातील हिरवे तुडतुडे टुंग्रो या विषाणुजन्य रोगाचा प्रसार करतात. आशियातील भातशेतीत त्यांच्यावर टोमोस्व्हॅरिएला ओरायझीटोरा, टोमोस्व्हॅरिएला सबव्हायरेसेन्स व पिपन्क्युलस म्युटिलेटस या जाती आढळल्या आहेत. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९८७ मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रसिद्ध केलेल्या मित्रकीटकांच्या पुस्तिकेत त्यांचा समावेश आहे. आंब्यावरील व भातावरील तुडतुडे भिन्न वंशांतील असल्यामुळे एका पिकावरची माशी दुसऱ्या पिकाच्या उपयोगी पडेल असे गृहीत धरता येत नाही. या कुलातील पुष्कळ जाती पोषकाच्या निवडीत चोखंदळ असतात.

कीटकनाशके व माशी : कोकणातील आंब्याच्या मोहोर-संरक्षणाचे वेळापत्रक दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२, आता डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ) प्रसृत करते. पहिली फवारणी मोहोर येण्यापूर्वी पालवीवर, दुसरी बोंगे फुटताना व त्यानंतरच्या सामान्यतः दोन आठवड्यांच्या अंतराने, असे त्याचे स्वरूप आहे. औषधे काळाप्रमाणे बदलत गेली. बीएचसीवर भारतात १९९७ मध्ये, एंडोसल्फानवर २०११ मध्ये व कार्बारिलवर २०१८ मध्ये बंदी आली. त्यांची जागा कृत्रिम पायरेथ्रॉइडे, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारख्या द्रव्यांनी घेतली.

ही द्रव्ये तुडतुडा व माशी असा भेद करीत नाहीत. फवाऱ्याने मेलेल्या तुडतुड्याबरोबर त्याच्या आतील डिंभही मरतो. पानांमधून तरंगत भक्ष्य शोधणारी आणि पानांवरील गोड द्रव चाटणारी प्रौढ माशी तर फवारलेल्या पृष्ठभागाशी सतत संपर्कात येते. फवारणीतून वाचलेले थोडे तुडतुडे पुन्हा वेगाने वाढू शकतात. माशीची संख्या मात्र पोषक पुरेसे झाल्यावरच, म्हणजे त्यांच्या मागून वाढते. मधल्या काळात बाग तिच्या संरक्षणाला मुकते आणि आणखी एका फवारणीची गरज भासते. हे चक्र फक्त याच माशीपुरते नाही. आंब्याचे परागण बहुतांशी विविध प्रकारच्या माश्या करतात, त्यामुळे मोहोर पूर्ण फुललेला असताना केलेल्या फवारणीचा फटका फलधारणेलाही बसतो. त्या वेळी फवारणी टाळावी या शिफारशीचा आधार हाच आहे.

फवारणी पूर्णपणे वर्ज्य करणे व्यापारी बागेत आज शक्य दिसत नाही. ती संख्येच्या पाहणीवरून ठरविणे, एकाच गटातील औषध पुन:पुन्हा न वापरणे आणि गर्दी झालेल्या जुन्या बागांत मधल्या फांद्यांची विरळणी करून ऊन व वारा आत येऊ देणे हे उपाय तुडतुड्यांना प्रतिकूल व त्यांच्या शत्रूंना त्या मानाने अनुकूल ठरतात. तुडतुड्यांना सावली व दमटपणा मानवतो. मेटाऱ्हायझियम, बोव्हेरिया, व्हर्टिसिलियम या कीटकांना रोग जडविणाऱ्या बुरशींचा वापरही तुडतुड्यांविरुद्ध केला जातो. कलमांखालचा पाचोळा सरसकट जाळला, तर त्यातील कोशही जळतात हे उघड आहे. तो आळ्यात आच्छादन म्हणून ठेवणे जमिनीच्या ओलाव्याच्या दृष्टीनेही हिताचे असते.

काही परजीवी कीटक प्रयोगशाळेत वाढवून शेतात सोडता येतात. नारळावरील काळ्या डोक्याच्या अळीविरुद्ध वापरली जाणारी गोनिओझस नेफँटिडिस ही बारीक गांधील माशी हे कोकणातील बागायतदाराच्या परिचयाचे उदाहरण होय. ती साठविलेल्या धान्यावरील पतंगाच्या अळ्यांवर पोसता येत असल्यामुळे तिचे उत्पादन सोपे व स्वस्त पडते. मोठ्या डोक्याच्या माशीला असा पर्यायी पोषक चालत नाही. तिला जिवंत तुडतुडे लागतात, तुडतुड्यांना जिवंत पालवी वा मोहोर लागतो आणि मादीला उडण्यास मोकळी जागा लागते. बाजारात तयार मिळणाऱ्या मित्रकीटकांच्या यादीत ती नसण्याचे कारण हेच. बागेत आहे ती टिकविणे एवढेच व्यवहारात उरते.

अभ्यासाचा इतिहास : पिपन्क्युलस या वंशाची स्थापना लात्रेय यांनी १८०२ मध्ये केली. या माश्यांच्या आर्थिक उपयोगाकडे लक्ष वेधले ते हवाई बेटांवरील उसाच्या तुडतुड्यांमुळे. आर. सी. एल. पर्किन्स यांनी १९०५ मध्ये तेथील ऊस बागायतदारांच्या संघाच्या संशोधन केंद्रातर्फे तुडतुड्यांचे शत्रू असलेल्या या कुलातील माश्यांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. भारतीय जातींचे पहिले विस्तृत संकलन ई. ब्रुनेटी यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीविषयक ग्रंथमालेच्या १९२३ च्या खंडात केले. ब्रुनेटी हे व्यवसायाने संगीतकार होते. कलकत्त्यातील वास्तव्यात त्यांनी तेथील इंडियन म्यूझियममधील माश्यांचा अभ्यास केला. पिपन्क्युलस ॲन्युलिफेमर हे नाव त्यांनीच दिलेले असून त्याचा अर्थ ‘मांडीवर कडे असलेली’ असा होतो. त्या काळी या कुलातील बहुतेक जाती पिपन्क्युलस या एकाच वंशात घालीत. पुढे त्याचे अनेक वंश झाले व डी. एल्मो हार्डी यांनी १९७२ मध्ये पौर्वात्य प्रदेशातील जातींची फेरमांडणी केली. कृषिविषयक लेखनात मात्र जुनी नावे अजूनही चालत आली आहेत. या कुलातील सर्व माश्या तुडतुडे व त्यांच्या आप्तांवरच जगतात, ही समजूतही २००७ मध्ये बदलली. नेफ्रोसेरस या वंशाचे डिंभ लांब पायांच्या टिप्युलिडी कुलातील प्रौढ माश्यांत वाढतात, असे त्या वर्षी आढळून आले.

बागेतील तुडतुड्यांत ही माशी आहे की नाही हे पाहण्यासाठी मोठी साधनसामग्री लागत नाही. फवारणी न केलेल्या कलमावरील मोठी अर्भके व प्रौढ तुडतुडे कोवळ्या पालवीच्या डहाळीसह काचेच्या रुंद बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचे कापड बांधतात. डहाळीचे देठ पाण्याच्या लहान कुपीत बुडविलेले असते व तळाशी किंचित ओलसर बारीक वाळूचा थर देतात. सुकलेली पालवी बदलावी लागते. मेलेल्या तुडतुड्याचे उदर पोकळ व फाटलेले आढळल्यास वाळूत कोश शोधतात. असे कोश तुडतुड्यांपासून वेगळे, सावलीत व वाळू पूर्ण कोरडी पडू न देता ठेवले असता त्यांतून माशी बाहेर पडते. ओळख पटविण्यासाठी पोषक तुडतुडा, कोशाचे रिकामे कवच व माशी ही तिन्ही एकाच क्रमांकाखाली जपून ठेवतात. [⟶ आंबा, कीटक नियंत्रण, तुडतुडे].